आवाजाले पोट नसते

"मंग भूक काऊन लागली तिले?"

अन्नपूर्णाबाईंनी चाळणी परातीत आपटली. पिठाचा लोट उठला आणि चुलीच्या उजेडात काही वेळ तसाच तरंगत राहिला.

"सांगा ना! मांगच्या महिन्यात तुमीच लिहिलं का आवाजाले पोट नसते, हात नसते, पाय नसते. तिथी कोणी जेवत नाई, कोणी झोपत नाई. मंग आज भूक कोणाले लागली?"

त्यांचा नवरा सहदेव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा होता. "ते लिहिण्यातलं हाये," तो म्हणाला. "वाचणाऱ्याच्या काळजाले हात घालावा लागते."

"माह्या काळजाले घातला तो हात. काढा आता."

"छापून गेलं ना ते."

"छापून गेलं तर पुढच्या खेपेले तिले जेवू घाला. द्या दोन घास, तुमच्या शाईनं!"

ओसरीवरून धाकट्या दिराचा, शेषरावांचा आवाज आला. "वयनी, हळू. रस्त्यावरचे लोकं थांबून आयकून राह्यले."

"आयकू द्या. नाई तरी पुढच्या सोमवारी छापूनच येईन ते."

जाऊ पुष्पाबाई कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसली होती. तिच्या मांडीवर अकोल्याहून आलेलं साप्ताहिक पडलं होतं. ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तिचं. सासरी आल्यापासून चौथी पास असण्याचा तिला तेवढाच उपयोग झाला होता. आजही तिनं नेहमीसारखी सुरुवात केली आणि एका ओळीवर अडखळली. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, वाच. तिनं वाचलं, "माय, मले भूक लागली व. सारे जेवाले जातात. मले कोणी काऊन बोलावत नाई?"

गोष्टीतला हा आवाज द्वारकीचा. अन्नपूर्णाबाईंची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची होऊन गेलेली.

*

जानेफळच्या बाजारात सहदेवचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मेहकरला मॅट्रिक करून तो खामगावला एका दुकानात काम शिकला आणि गावी परत आला, तेव्हा साऱ्या गावात रेडिओ असतील चार-पाच. गिऱ्हाईक कमी, वेळ भरपूर. त्या वेळात तो लिहायला लागला. पहिलं पुस्तक मंगळावर गेलेल्या एका पाटलाचं. मंगळावर गेल्या गेल्या पाटील पहिली चौकशी करतो ती इथला कोतवाल कोण म्हणून. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या पुस्तकात पाऊस पाडणारं यंत्र होतं आणि ते कोणाच्या शेतात आधी न्यायचं यावरून गावात डोकी फुटतात. त्याही पुस्तकावर लोक हसले, पण जरा जपून, कारण कोणतं डोकं कोणाचं ते ओळखू येत होतं. अकोल्याच्या प्रकाशकानं ती पुस्तकं पिवळट कागदावर छापली आणि एस. टी. स्टँडांवर विकली. शेगावला दर्शनाला जाणारे लोक गाडीत वाचायला घेत. सहदेवला त्याचं अप्रूप होतं. गावाला एवढंच अप्रूप की आपल्यातला एक माणूस आभाळातल्या गोष्टी लिहितो आणि तरी दुपारी घरी येऊन भाकर-ठेचाच खातो.

मग द्वारकीला घटसर्प झाला.

बैलगाडीतून मेहकरला नेलं तेव्हा तिचा घसा आतून बंद होत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, खायला काही द्यायचं नाही, श्वासात अडकेल. पोरीचा आवाज आधीच गेला होता. ओठ तेवढे हलत. काहीतरी मागत होती ती, पुन्हा पुन्हा तेच. अन्नपूर्णाबाईंनी कान तिच्या तोंडाशी नेला, फक्त गरम वाफ लागली. पाणी म्हणते का? जवळ घे म्हणते का? घरी जाऊ म्हणते? त्यांनी ओला बोळा ओठाला लावला. तिनं मान फिरवली. सहदेव पायथ्याशी उभा होता. त्यालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मळ्यात बोरीखाली तिला पुरलं.

त्या ओठांनी अन्नपूर्णाबाईंचा पिच्छा पुरवला. कापूस वेचताना, दळताना, सासूचे पाय चेपताना त्या मनात तोच खेळ खेळत. पाणी? घर? माय? कोणताही शब्द त्या ओठांवर नीट बसायचा नाही. सहदेवनं लिहिणं सोडलं. रेडिओ उघडून बसायचा आणि तासन् तास नुसती सुई फिरवायचा. दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर असते ना, ती ऐकत.

तशी वर्षं गेली. मग माणूस चंद्रावर उतरला. ती बातमी ऐकायला साऱ्या बाजारानं दुकानापुढं गर्दी केली. बातम्या संपल्यावर शेषराव सहज बोलून गेले, "इतक्या दुरून माणसाचा आवाज येते. मंग वरत गेलेल्याचा काऊन येत नाई, दादा?"

लोक हसले. सहदेव हसला नाही. दिवाळीपासून त्याची तिसरी कादंबरी साप्ताहिकात सुरू झाली.

गोष्ट अशी होती की तोंडातून निघालेला आवाज मरत नाही. तो वर जातो आणि फार दूर एका काळ्या ताऱ्याभोवती साचत राहतो. तिथं आवाजांचं गाव असतं. खाली एक रेडिओवाला एक यंत्र बनवतो आणि त्यात त्या गावातली माणसं बोलू लागतात. माणसं जानेफळचीच, खऱ्या नावांची. गावचे पंच कारभारी, त्यांचे वडील पुंजाजी होते. माळ्यावर गुळाची ढेप लपवणारी म्हातारी होती. विहिरीत गेलेली एक सून होती, तिचं नाव घ्यायला गाव टाळत असे. आणि द्वारकी होती. मोठी होत चाललेली द्वारकी, कारण आवाज वाढतो असं सहदेवनं लिहिलं होतं.

नागपूरच्या एका प्राध्यापकानं लिहिलं, हे विज्ञान नव्हे, अंधश्रद्धा आहे. मेहकरला एका कीर्तनकारानं भर कीर्तनात सांगितलं, ही नास्तिकाची थेरं आहेत, याला स्वर्ग-नरक काही नको, नुसतं खोकं पाहिजे. दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्यावर साप्ताहिकाचा खप वाढला. गावात मात्र वेगळंच घडलं. पुंजाजींच्या आवाजानं यंत्रातून कबूल केलं की बांधाचा दगड आपण सरकवला होता. बांधशेजारी साप्ताहिक घेऊन तलाठ्याकडे गेला.

"जित्तेपणी माह्या बापानं गावापुढं एक शब्द टाकला नाई," कारभारी दुकानात येऊन गरजले, "अन् मेल्यावर तुह्यापाशी कबुली द्याले आला काय बे?"

पंच बसले. त्यांनी बजावलं, पुस्तक निघायच्या आधी गावच्या मेलेल्यांची नावं काढ, नाहीतर तुझ्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही. सहदेव म्हणाला, साऱ्यांची काढतो, द्वारकीचं नाही, ती माझी आहे. कारभारी म्हणाले, आमचा बापही आमचाच होता. निघाले तर सगळे निघतील. सहदेव उठून आला. तेव्हापासून दुकानात पुरुष येईनासे झाले.

बाया मात्र येऊ लागल्या.

दुकानाच्या पायरीशी छपराच्याही वर जाणारा उंच बांबू रोवलेला होता, एरियलची तार ताणायला. एका बाजारच्या दिवशी कोणीतरी त्याच्या बुडाशी लेकराचं झबलं बांधून गेलं. पुढच्या बाजारी आणखी दोन. मग रंगीत झबली, कुंच्या, एक बिनहाताचं पोलकं. कुठून कुठून बाया येत, बांबूला हात लावून कपाळाला लावत आणि न बोलता निघून जात. वारा सुटला की ते सारं फडफडायचं आणि रेडिओतली खरखर वाढायची. भिंतीला टेकून बांगड्यांची टोपली मांडणारी अजीजुन्निसा एकदा अन्नपूर्णाबाईंच्या हातात बांगडी चढवता चढवता म्हणाली, "बाई, तुमच्या मालकानं गावचे सारे मुर्दे बोलते केले अन् घरची जित्ती बायको मुकी केली. हात ढिल्ला सोडा ना, फुटंन."

खरं होतं ते. पण पहिले काही महिने अन्नपूर्णाबाईंना ते मुकेपण गोड लागलं होतं. पुष्पाबाई वाचायची आणि द्वारकी बोलायची. चिंचा मागायची, आजीची नक्कल करायची, परकर हवा म्हणायची. अन्नपूर्णाबाई सोमवारची वाट पाहत. डोळे पुसत, हसतही. आणि मग एका दुपारी तूर निवडताना त्यांनी मुलीचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला. 'माय, पाह्य ना' म्हणायची ती, ओरडून, अंगणातून. आठवला तो पुष्पाबाईचा आवाज. अडखळणारा, ओळी वाचणारा. त्यांनी पुन्हा आठवलं. पुन्हा पुष्पाबाई. खरी पोर कुठंतरी मागं सरकत चालली होती आणि तिच्या जागेवर ही दुसरी, न मरणारी, ऐटीत येऊन बसली होती.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? नवऱ्यानं पोरगी परत आणून दिली आणि त्यामुळंच ती हरवली, असं?

*

भांडण झालं त्या सोमवारनंतरच्या बाजारी सहदेव अकोल्याला गेला होता. दुकानाची किल्ली अन्नपूर्णाबाईंकडे होती. दुपारी त्या झाडलोट करायला गेल्या, तर पायरीवर आशाबाई बसलेली.

आशाबाई देऊळघाटची. वीस-बावीस वर्षांची पोर, तीन एस. टी. बदलून यायची. थोरली मुलगी गोवरात गेली होती. महिन्यापूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हाही सहदेव नव्हता. तिनं इतकी गयावया केली की अन्नपूर्णाबाईंनी दार उघडून रेडिओ लावला. सुई मुद्दाम दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवली. खरखर सुरू झाली.

"बोलते का व माय?" आशाबाईनं विचारलं होतं.

अन्नपूर्णाबाई त्या तोंडाकडे पाहत राहिल्या होत्या आणि त्यांच्याच्यानं राहवलं नव्हतं. "बोलते," त्या म्हणाल्या होत्या.

"काय म्हणते?"

"बरी हावो म्हणते. मायले सांगजा म्हणते, रडू नको."

वाक्य सहदेवचं होतं. जसंच्या तसं साप्ताहिकातलं. ते आपल्या तोंडून निघताना ऐकून अन्नपूर्णाबाईंच्या अंगावर काटा आला होता. पण आशाबाईचा चेहरा असा उमलला की त्यांना वाटलं, असू दे, कोणाचं काय गेलं?

आज ती पुन्हा आली होती. हातात पितळेचा डबा.

"मावशी, दार उघडा ना. दूधभात आनला तिच्यासाठी."

"दूधभात काऊन?"

"आमच्या गावात वाचून दाखोलं मास्तरीणबाईनं. तिथी लेकरं भुकेनं रडून राह्यले म्हणते." ती उठली. "मले काय मालूम, माय? मी समजत होती ते बरे हायेत. तुमीच त म्हटलं होतं."

अन्नपूर्णाबाईंनी किल्ली काढली. त्यांनी दार उघडलं. आशाबाईनं स्वतःच बटण फिरवलं, आता तिला येत होतं. खरखर सुरू झाली. तिनं डबा उघडला, भाताचा घास केला आणि रेडिओच्या पुढच्या जाळीदार कापडाला लावला. कापड भिजलं. तिनं दुसरा घास लावला. दूध ओघळून लाकडावरून खाली टेबलावर आलं. "खा व बाई," ती हळू म्हणत होती, "खा, माह्या सोन्या. गरम हाये, फुकून देऊ?"

बाहेर बांबूवर झबली फडफडत होती.

"नको करू, आशा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"थांबा, अजून थोडं. खाऊन राह्यली."

तेव्हाच पायरीवर एक तरुण गडी येऊन थांबला. धोतर धुळीनं भरलेलं. कडेवर तान्हं मूल, अगदी वाळलेलं, रडून रडून आवाज बसलेलं. आशाबाईचा नवरा. त्यानं अन्नपूर्णाबाईंना हात जोडायचा प्रयत्न केला, पण कडेवरच्या लेकरामुळं एकच हात वर गेला.

"बाई, माह्या बायकोले पाठवा. ह्याले अंगावर घेत नाई ती. म्हणते, दूध तिचं हाये, ह्याले देलं तर तिले पुरणार नाई."

आशाबाईनं वळून पाहिलंही नाही. मूल तोंड उघडत होतं, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

अन्नपूर्णाबाई त्या ओठांकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत ते ओठ त्यांना पुन्हा दिसले नव्हते, आणि आता दिसले ते असे, जिवंत, सकाळचे उपाशी. त्यांनी पुढं होऊन रेडिओ बंद केला. आशाबाई ओरडली. त्यांनी तिचा दूधभातानं माखलेला हात धरला, तिला पायरीवर बसवलं, नवऱ्याच्या कडेवरचं मूल उचलून तिच्या मांडीत घातलं आणि पदर तिच्या डोक्यावरून पुढं ओढला.

"मी खोटं बोलली होती, आशा," त्या म्हणाल्या. "ती काई बोलली नाई. इथी कोणीच बोलत नाई. हे खोकं हाये. पाज त्याले."

आशाबाई त्यांच्याकडे अशी पाहत होती की जणू मुलगी आत्ता, याच पायरीवर, दुसऱ्यांदा गेली. बराच वेळ ती हललीच नाही. मूल पदराखाली धडपडत राहिलं आणि शेवटी आपलं आपणच प्यायला लागलं. अजीजुन्निसानं टोपलीवर फडकं टाकलं आणि तिच्या बाजूला येऊन बसली.

आशाबाई आणि तिच्या नवऱ्याची एस. टी. गेल्यावर अन्नपूर्णाबाईंनी टेबल पुसलं. रेडिओच्या कापडावरचा डाग निघाला नाही. मग त्या कुंभारआळीला गेल्या.

*

वऱ्हाडात आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. नवी घागर, वर 'करा' म्हणजे लहानसं मडकं, त्याच्या तोंडावर आंबा. पुरण, आंब्याचा रस, कुरड्या. चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून एकेकाचं नाव घ्यायचं आणि जेवायला बोलवायचं. गेल्या वर्षात कोणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर. ती भरली की तो माणूस पितरांत मिळाला. मग त्याला घरात शोधायचं नाही. लेकरांची मात्र घागर भरत नाहीत. लेकरू पितर नसतं. ते कोणातच मिळत नाही.

सहदेवच्या घरी दरवर्षी दोन घागरी येत, सासऱ्यांची आणि आजेसासऱ्यांची. अन्नपूर्णाबाईंनी तीन आणून ओसरीवर मांडल्या.

सासू विमलबाईंनी माळ थांबवली. "हे तिसरी कोणाची?"

"द्वारकीची."

"डोस्कं फिरलं काय तुहं? लेकराची घागर भरत असते काय कोणी?"

"आत्याबाई, लेकरू मेल्यावर मोठंही होत नसते. तुमच्या लेकानं केलं."

सहदेव नुकताच अकोल्याहून आला होता. पिशवी खाली ठेवून तो घागरींकडे बघत राहिला. तो लगेच समजला. या घरात तोच एक लगेच समजणार होता.

"नाई," तो म्हणाला. "घागर भरली म्हणजे ती गेली."

"गेलीच हाये."

"माह्यासाठी नाई. तुले काय वाटते, मी गिऱ्हाइकासाठी लिहितो? दर सोमवारी माही पोरगी मले भेटते. तेवढी एक जागा हाये तिले साऱ्या जगात. आईच्या देवघरात नाई, पितरात नाई. पुस्तकातून काढलं तर कुठी जाईन ती?"

शेषराव उठून अंगणात गेले आणि तिथंच थांबले. अन्नपूर्णाबाईंना नवऱ्याची कीव आली. इतकी आली की क्षणभर त्यांना वाटलं, राहू द्यावी तिसरी घागर कोपऱ्यात, पाणी भरायला होईल. पण बोटांना अजून दुधाचा वास येत होता.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "मेहकरले ती जे मांगत होती, ते तुमाले आयकू आलं होतं? भूक म्हटलं होतं तिनं?"

सहदेवनं खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली.

"सांगा."

"नाई आयकू आलं," तो शेवटी म्हणाला. "इतक्या वर्षांत सारे शब्द लावून पाह्यले मी तिच्या तोंडाले. हा एकच बसला."

म्हणजे तोही तोच खेळ खेळत होता, पायथ्याशी उभा राहून. अन्नपूर्णाबाई खाली बसल्या. तिसऱ्या घागरीवर कुंभाराच्या बोटांचे वळ होते, त्यावरून त्यांनी हात फिरवला. पुष्पाबाईनं चिमणी लावून कोनाड्यात ठेवली.

मग अन्नपूर्णाबाई उठल्या, पदर खोचला आणि बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात बोलल्या.

"आत्याबाई, आखितीले तीन घागरी भरीन. पुरण मी घालीन, तुमी हात लावू नका, दोष लागला तर मले लागंन. भाऊजी, उद्या सकाळी दुकानाच्या बांबूवरचे झबले उतरवा अन् नदीत सोडून या. पुष्पा, सोमवारचं वाचणं बंद." त्या सहदेवकडे वळल्या. "अन् तुमी निखाऱ्यावर पहिला घास टाकान, तिचं नाव घेऊन. जेवून जाईन ती. त्याच्यानंतर पुस्तकात द्वारकी राहणार नाई. बाकीच्या मेलेल्यांचं तुमी अन् कारभारी पाहून घ्या."